न दुखलेला बिबा

कुष्ठरोग झाल्याचं ज्यांना काल-परवा कळलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची माहिती डॉक्टर देतील, ती त्यांच्याकडूनच घ्यावी. मला सांगायचं आहे ते एवढंच, की दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायला मला पावणेदोन वर्षं का लागली आणि तेवढ्या वेळात काय गेलं. माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं वाकलं आहे. ते वाकायला नको होतं.

डाग

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बेचाळीस वर्षांची, नाशकात गंगापूर रोडच्या बाजूला मुलींच्या एका वसतिगृहाची गृहपाल. मुली चौसष्ट. गृहपालाने आवारातच राहायचं असा नियम, त्यामुळे दोन खोल्यांचं घर नोकरीबरोबरच मिळालेलं. घरात मी, मिस्टर आणि सासूबाई. मुलगा पुण्याला शिकत होता.

सासूबाई सटाण्याकडच्या. नाशकात तीस वर्षं काढूनही त्यांचं बोलणं अहिराणीच राहिलं. सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचे. आसपासच्या वस्तीत त्यांची ओळख एकच: बिबा लावणारी बाई. मुरगळलेला पाय, टाचेच्या भेगा, नायटा, खरूज, काहीही असलं की लोक आमच्या मागच्या दाराशी येऊन बसत. बिबा म्हणजे काळं, चपटं, बोटाच्या पेराएवढं बी. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. ते कातडीला लागलं की भाजतं, आणि एखाद्याला सोसलं नाही तर फोड येऊन आग होते. त्याला बिबा उतला म्हणतात. लोक ओरडत, आत्याबाईंना शिव्या देत आणि पुढच्या आठवड्यात भावाला घेऊन येत.

माझ्या उजव्या कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग आला. मला वाटलं, नायटा असेल.

"दाव माले," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी बिबा तापवला आणि डागावर पाच ठिपके दिले. "दुखस का?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही हो. काहीच नाही. कडेला जरा चुरचुरतंय."

त्या हरखल्या. दाराशी बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "दखा! मना हात हलका शे. आणि मनी सूनले बिबा मानवस."

दुसऱ्या दिवशी तिथे फोड आले. तेही दुखले नाहीत. फोड वाळल्यावर कातडी काळी पडली आणि फिकट डाग दिसेनासा झाला. डाग गेला असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. काही आठवड्यांनी काळ्या भागाच्या बाहेर फिकट कड दिसली, तिच्यावर पुन्हा बिबा लावला. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. त्या काळातल्या डायऱ्यांमध्ये अकरा ठिकाणी 'बिबा' अशी नोंद सापडते. एकाही नोंदीपुढे 'दुखलं' असं लिहिलेलं नाही. अकरा वेळा लिहूनही मला ते दिसलं नाही.

मग सकाळी कोठीतून तांदूळ काढून देताना ओंजळीतून दाणे गळायला लागले. स्वयंपाकीण म्हणाली, "बाई, आज काय चिमण्यांना घालताय का?" मी म्हटलं, वय झालं.

यादीत नसलेलं नाव

कुष्ठरोगाची पाहणी करणारे सरकारी तंत्रज्ञ वसतिगृहात आले, तेव्हा मी सगळी तयारी करून ठेवली होती. मुलींची नावं इयत्तेप्रमाणे, प्रत्येकीपुढे वय, पडदा लावलेली खोली, रांगेवर लक्ष ठेवायला मोठ्या दोघी. दुपारपर्यंत काम संपलं. एकाही मुलीच्या अंगावर काही निघालं नाही.

"मॅडम, सगळ्या झाल्या?"

"चौसष्टच्या चौसष्ट."

"आणि तुमचं नाव?"

"माझं यादीत नाही."

"मग घाला की. पासष्ट."

मी हसत बाक ओढला. ते म्हणाले, डोळे मिटा, कापसाची वात टेकवतो, जिथे कळेल तिथे बोट ठेवा. डाव्या हातावर माझं बोट दरवेळी बरोबर जागी गेलं. मग उजवा हात. मी वाट पाहत बसले. बराच वेळ झाला तेव्हा म्हटलं, "करा ना सुरू."

डोळे उघडले तर वात माझ्या काळ्या डागावर टेकलेली होती.

"चार वेळा फिरवली, मॅडम," ते हळू म्हणाले.

त्यांनी कोपराच्या आतली शीर चाचपली. ती दोरीसारखी जाड झाली होती. मग विचारलं, "डाग एवढा काळा कसा?"

"सासूबाई बिबा लावतात."

"लावताना दुखायचं?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथेच मला सगळं समजलं.

घर

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. औषध सुरू झालं की माझ्यापासून मुलींना धोका राहणार नाही. काम करायला हरकत नाही, तसं ते लिहून देतील. हात वाचेल की नाही, ते आत्ताच सांगता येणार नाही. शेवटी म्हणाले, "कोणाला सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी ठरवलं, घराबाहेर कोणालाच नाही. ही गोष्ट फुटली तर नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर घरही जाणार. दुसऱ्याच दिवशी लांब बाह्यांचे, मनगटाशी बटण असलेले चार ब्लाउज शिवायला टाकले.

मिस्टरांना त्याच रात्री सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझा पाणी प्यायचा ग्लास वरच्या फळीवर वेगळा ठेवलेला दिसला. मी तो खाली सगळ्यांमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी परत वर. महिनाभर हे चाललं, दोघांपैकी कोणी त्यावर एक शब्द काढला नाही. त्यांनी आपली खाट बाहेरच्या खोलीत नेली. पण माझ्या गोळ्या आणायला दर महिन्याला तेच जायचे आणि एकदाही चुकले नाहीत. दोन्ही खरं आहे. तुमच्याही घरात असंच काही घडेल. एकाच माणसाकडून दोन्ही मिळेल.

घरच्यांना तपासायला तंत्रज्ञ घरी आले. दोघांना काही नव्हतं. आत्याबाईंनी चहा दिला आणि आपण सुनेला किती वेळा बिबा लावला ते त्यांना सांगू लागल्या. ते नम्रपणे म्हणाले, "आजी, बिबा लागला आणि माणूस ओरडलं नाही, तर तिथली कातडी मेलेली असते. पहिल्या दिवशी यांना दुखलं नाही, तेव्हाच आणायचं होतं."

आत्याबाई कपबशी हातात धरून उभ्या राहिल्या. "माले वाटनं, मना हात हलका शे."

त्या दिवसापासून त्या माझ्याच ताटात जेवायला बसू लागल्या. एका ताटात दोघी. मी नको म्हटलं की घास उचलायच्याच नाहीत.

बियांविषयी

या बीचा मला फार राग आला होता. एकदा डॉक्टरांसमोर तो निघाला. ते निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "बिब्याला शिव्या देऊ नका, बाई. तुमच्या सासूबाईंनी बी चुकीचं उचललेलं नाही."

नंतर त्यांच्याकडून आणि त्यांच्या ओळखीच्या एका वैद्यांकडून विचारून विचारून मी टिपून घेतलं ते असं. बिब्याला संस्कृतात भल्लातक म्हणतात. जुन्या वैद्यकात तो मूळव्याधीवर, सांधेदुखीवर, त्वचेच्या रोगांवर आणि नेमका याच रोगावर सांगितलेला आहे. पण तो सरळ वापरत नसत. बीच्या देठाकडची टोपी कापायची, विटेच्या चुऱ्यात घोळून तेल उतरवायचं, धुवायचं, दुधात शिजवायचा आणि मगच मोजून तुपाबरोबर द्यायचा. ज्याला सोसत नाही त्याला द्यायचाच नाही. घराघरांत आला तो निम्मा होऊन. कवचातलं तेल लावायला राहिलं, आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात गेली आणि परटांनी त्याच तेलाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा घातल्या. मोजमाप वैद्यांकडेच राहिलं.

डॉक्टरांच्या तरुणपणी या रोगावर दुसऱ्या एका बीचं औषध होतं, कडू कवठीचं तेल. ते घट्ट तेल सुईने टोचायचे. "पेशंट रोगाला नाही, माझ्या सुईला भिऊन पळायचे," ते म्हणाले. काहींना उतार पडायचा, बऱ्याच जणांना नाही. मग पांढऱ्या गोळ्या आल्या, आणि पुढे तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली. बिब्याचं तेल अजूनही प्रयोगशाळांत तपासताहेत, सांध्यांसाठी, गाठींसाठी.

"त्याचा उपयोग होतो का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही. गोळीचा होतो, हे माहीत आहे."

माझा राग त्या दिवशी बीवरून उतरला. बिब्याने अकरा वेळा विचारलं होतं, इथे जीव आहे का. नाही, असं उत्तरही दरवेळी मिळालं होतं. आम्हीच त्याला कौतुक समजलो.

वॉर्ड

गोळ्या सुरू झाल्यावर आठव्या महिन्यात, ज्या हाताला काही कळत नव्हतं तो हात दुखायला लागला. कोपरापासून करंगळीपर्यंत. असं दुखणं मी बाळंतपणातही पाहिलं नव्हतं. हा औषधाचा अपाय नव्हता; मेलेल्या जंतूंवर शरीरच उसळलं होतं आणि त्यात शीर सुजली होती. वसतिगृहाच्या समितीला मणक्याचं दुखणं कळवलं आणि कुष्ठरोगाच्या रुग्णालयात दाखल झाले. दीड महिना.

तिथला दिवस ठरलेला असे. सकाळी हातपाय कोमट पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, मग प्रत्येकीने आपापले तळवे आणि तळपाय डोळ्यांनी तपासायचे. भाजलं-कापलं तरी कळत नाही, म्हणून डोळ्यांनी. मग गोळ्या, मेणाचा शेक, बोटांचे व्यायाम आणि पुन्हा प्लास्टरच्या पट्टीत हात. व्यायामाचा तक्ता मी उशाशी चिकटवला होता.

शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडच्या सखूबाई होत्या. त्यांच्या दोन्ही पायांची मिळून तीन बोटं उरलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "बाई, झोपताना बोटं मोजून झोपत जा. हितं लय चोऱ्या होत्यात."

मला तेव्हा हसू आलं नाही. चौथ्या दिवशी आलं.

त्यांचा मुलगा त्यांना सोडून गेला होता. त्यांच्या सांगण्यावरून मी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात त्याला दोन पोस्टकार्डं लिहिली. दोन्ही परत आली. रुग्णालयाच्या नोंदवहीत मुलाने दिलेला पत्ता वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे गाव आमचं नाय. त्यानं दुसरंच लिवलंय." आणि थोड्या वेळाने, "हुशार हाय माझा पोर. साळंत गेलता ना."

मी निघाले तेव्हा त्या तिथेच होत्या.

जाताना डॉक्टरांनी माझा हात टेबलावर ठेवून घेतला आणि बोटं एकेक करून सरळ करून पाहिली. दोन झाली नाहीत. "एवढीच राहतील. शीर आधीच फार गेली होती. वर्षभर आधी आला असतात तर..." न्यायला आत्याबाई आल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं.

"लिही"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी वही माझ्यापुढे टाकली. "लिही."

"काय?"

"ज्यास्ले ज्यास्ले मी बिबा लावना, त्यास्ना नावं."

आठवेल तशी त्या नावं सांगू लागल्या आणि मी डाव्या हाताने उतरवू लागले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोण कसं कळवळलं ते एकेक पाठ होतं. त्या सांगत: हा रडला. तिने माझा हात झटकला. त्याने माझ्या सात पिढ्या उद्धारल्या. दोन सकाळी आम्ही बसलो. ज्यांनी आवाज केला त्यांच्या नावावर मी काट मारत गेले. शेवटी तीन उरले.

एक गडी दारू पिऊनच यायचा. त्याला जाऊन तपासलं, शुद्धीत त्याला सगळं नीट कळत होतं. एक म्हातारी वारली होती. तिसरी मंदा, आमच्या वसतिगृहाचे कपडे धुणाऱ्या परटाची सून. वय वीस-बावीस. डाव्या मनगटावर डाग.

परटाच्या ओट्यावर

आम्ही दोघी दुपारी गेलो. मंदा कोळशाच्या इस्त्रीने मुलींचे गणवेश इस्त्री करत होती. डाव्या हाताने कापड सपाट करायची, उजव्याने इस्त्री ओढायची. इस्त्री त्या मनगटापासून चार बोटांच्या अंतरावरून जात होती. मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस टेकवला. तीनदा टेकवला, तिन्ही वेळा ती गप्प.

तिची सासू मध्ये आली. "डोळं मिटल्यावर कुणाला काय कळतंय? शिकलेल्या बायांना जिथं तिथं रोगच दिसतोय. साधी खाज हाय ती."

"मावशी, दवाखान्यात एकदा दाखवू. पुढचं मग बघू."

"त्या दवाखान्यात? म्हणजे उद्या गल्लीभर बोभाटा! तुमचं काय जातंय बोलायला, गृहपालबाई?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित मी नाही म्हटलं असतं. मी त्या ओट्यावर उभ्याउभ्या विचार केला, आणि तो उदात्त नव्हता. नोकरीची किती वर्षं उरली आहेत, मुलाचं शिक्षण कधी संपतंय, नवी खोली मिळेल का. मग इस्त्री पुन्हा त्या मनगटाजवळून गेली.

मी बाहीचं बटण काढलं आणि हात पुढे केला.

"मलाही दुखलं नव्हतं," मी म्हटलं.

मंदाच्या सासूने घडी घातलेल्या गणवेशांचा ढीग झटकन स्वतःकडे ओढला. मग ते कपडे माझ्याच वसतिगृहाचे आहेत हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला तो धरवेना की सोडवेना.

मंदाने माझी वाकलेली बोटं जवळून पाहिली. हात लावून पाहिली. "औषध लागू पडतं?"

"पडतं."

"आणि माझी बोटं?"

"आत्ता आलीस तर राहतील."

"मग येते." तिने इस्त्री उभी केली. "सासूबाई, असं बघू नका. उद्या मनगट भाजलं आणि मला कळलंच नाय, तर गिऱ्हाइकाचं कापड जळंल. मग तुम्हीच बोलाल."

चार्ज

आठ दिवसांत सगळीकडे बोभाटा झाला. पालक आले, फाटकाबाहेर थांबले, आत यायला तयार होईनात. दोन मुलींना त्याच दिवशी घरी नेलं. समितीच्या चिटणिसांसमोर मी डॉक्टरांचं पत्र ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"पत्र बरोबर आहे, मॅडम. पण पालकांना कोण समजावणार?"

"मी समजावते."

ते वाईट माणूस नव्हते. फक्त नकाराची मान हलवली.

महिन्याभरात चार्ज दिला. भांडी, गाद्या, कंदील, औषधांची पेटी, सगळ्याची यादी मी आधीच तयार करून ठेवली होती. नव्या गृहपाल बाई म्हणाल्या, "किल्ल्या टेबलावर ठेवा हं." ठेवल्या. त्यांनी त्या रुमालाने उचलल्या. मुली खिडकीत उभ्या होत्या, एकीनेही हाक मारली नाही. त्यांना बजावलं असणार, असं मी स्वतःला सांगते.

आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. माझा ग्लास तिथेही वेगळाच राहिला. आता मी तो खाली आणून ठेवत नाही. आत्याबाई त्यानंतर अडीच वर्षांनी गेल्या. कोणी विसरून बिबा लावायला आलं की "मना हात जड शे" एवढंच सांगून दार लावून घ्यायच्या. मी त्यांना दोष देत नाही हे त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांनी ते एकदाही ऐकून घेतलं नाही.

मंदाचं औषध सहा महिन्यांत पूर्ण झालं. तिला नवी औषधं मिळाली. तिची पाचही बोटं सरळ आहेत. मनगटावर तेवढ्या भागात अजून कमी कळतं, म्हणून ती इस्त्री करताना तिथे फडकं गुंडाळते.

माझ्या गोळ्या बंद होऊन आता दोन वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा सकाळी मी त्याच दवाखान्यात बसते. नव्याने येणाऱ्यांची नावं लिहून घेण्याचं काम आहे. बायका येतात, पदराखाली हात घेऊन समोर बसतात आणि नाव सांगत नाहीत. काय होतंय विचारलं तर म्हणतात, काही नाही, सहज आले. त्यांना घाई करून चालत नाही. मी वही बाजूला सरकवते आणि आधी माझा हात टेबलावर ठेवते. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहतात. मग हळूहळू पदर बाजूला होतो.